जाडीभरडी हळद

दादाचं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात आमच्या घरचं जातं पार गुळगुळीत झालं होतं. चांगल्या जात्याचा आवाज घरघर येतो, लांबून ऐकला की घरात कोणीतरी आहे असं वाटतं. आमच्या जात्याचा आवाज त्या वर्षी नुसता सर्र सर्र यायचा, आणि खुंटा ओढून ओढून हात दुखले तरी पीठ म्हणावं तसं बारीक पडत नसे. लग्नाच्या तयारीला आलेल्या भागूआत्याने पहिल्याच सकाळी पिठात बोटं घातली आणि आईकडे असं पाहिलं की आईने चुलीतलं लाकूड उगाचच पुढे सारलं. भागूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. दिलेली गावातच, तीन घरं सोडून, पण माहेरी आली की मुलूख जिंकायला आल्यासारखी यायची. तिचं म्हणणं, लग्नघरचं जातं असं कोणी ठेवतं का. आईचं म्हणणं, टाकी लावणारी, छिन्नीने जात्याचे दगड खरबरीत करणारी बाई हिवाळ्यापासून फिरकलीच नाही, मी काय दातांनी टाकी मारू? तेही खरंच होतं. नदीच्या वरच्या अंगाला धरणाचं काम चालू होतं, तिकडची गावं उठायला लागली होती, आणि गावंच नाहीत म्हटल्यावर बांगडीवाले, टाकीवाल्या, कल्हईवाले ही सगळी फिरती माणसं पौडपासूनच मागे वळायची. आमची वाडी पौडच्या वर, धरणाच्या खाली. आम्ही बुडणाऱ्यांतले नव्हतो, पण आमच्या दारात येणारं जग मात्र आटलं होतं.

शेवटी ती बाई आली, पण कधी, तर जात्याची पूजा होऊन त्याला आंब्याचा टहाळा बांधल्यावर. आमच्यात लग्नाची हळद घरच्याच जात्यावर दळायची, शेजारचं चालत नाही, आणि पूजलेल्या जात्याला लग्न लागेपर्यंत लोखंड लावायचं नाही. टाकीवाली दारात उभी, हातात छिन्नी-हातोडी, आणि आत जातं नवरीसारखं सजून बसलेलं. आत्याने तिला पसाभर तांदूळ दिले आणि लग्नानंतर ये म्हणून वाटेला लावलं. मग दोघी सवाशिणी बसल्या, हळकुंडं घातली, ओव्या म्हटल्या, आणि जी हळद पडली ती अशी की रव्याची आठवण व्हावी. लग्नाची हळद चाळायचीही नसते. संध्याकाळी ती कालवून दादाला लावली तेव्हा तो, एवढा नांगर धरणारा गडी, "आत्ये, हळद लावतीस का अंग खरवडतीस?" म्हणून ओरडला, आणि मांडवातल्या बाया पोट धरून हसल्या. आत्या मात्र हसली नाही. हीच हळद उद्या व्याह्यांच्या घरी जाणार, तिथल्या बाया बोटांत घेऊन बघणार, आणि नाव आपल्या घराचं निघणार, हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

नवऱ्याला लावून उरलेली हळद म्हणजे उष्टी हळद. ती नवरीच्या घरी न्यायची आणि तिला लावायची. ती लागली की पोरगी निम्मी आपली झाली असं धरतात. अक्षता उद्या पडतात, पण कौल हळदीनेच लागतो. नवरी होती मारुंजीची, ठकू नावाची. हिची सुपारी आधी एकदा दुसरीकडे फुटली होती. तापाच्या साथीत तो मुलगा गेला आणि तेव्हापासून ठकू 'पांढऱ्या पायाची' झाली. तिला आई नव्हती, चुलतीने वाढवलेली. दोन वर्षं तिला कोणी बघायला आलं नाही. माझ्या वडिलांनी तिला कुठल्याशा जत्रेत पाहिलं, चौकशी केली आणि म्हणाले, साथीत निम्मा मुलूख गेला, तो काय हिच्या पायांनी गेला? आईने होकार दिला खरा, पण तिचं मन भरलेलं नव्हतं. हळद निघायच्या आदल्या दिवशी ती आत्याला जे म्हणाली ते मी माझ्या कानांनी ऐकलं. "वन्सं, म्या हो म्हनलंय. पर ह्या लग्नात येक जरी वंगाळ खूण झाली, तर पोराला पाटावर बसू देनार न्हाई. मंग कोनी कायबी म्हना." आई बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती.

हळद घेऊन आम्ही तिघं निघालो. सवाशीण म्हणून आत्या, करवली म्हणून मी, आणि राखण म्हणून गेनूकाका. हळदीच्या वासाला वाटेवरची भुतंखेतं येतात म्हणून बरोबर लोखंड आणि पुरुषमाणूस लागतो. गेनूकाकाकडे कोयता होता आणि तोंड होतं, आणि भुतांनी दुसऱ्यालाच जास्त घाबरावं अशी त्याची ख्याती. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. पौडच्या बाजारापलीकडचं जग मी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्या पहाटे मी झोपलेच नाही म्हटलं तरी चालेल. नवं परकर-पोलकं, हातभर हिरव्या बांगड्या आणि डोक्यात एवढं तेल की कपाळावर ओघळत होतं. पितळेच्या वाटीत हळदीचा ओलसर गोळा, वर पळसाचं पान, आणि सगळं लाल खणाच्या तुकड्यात गाठ मारून बांधलेलं. आईने ते माझ्या हातात देताना एकच सांगितलं, ही जमिनीला टेकवायची नाही. हळद एकदा निघाली की नवरीच्या घरच्या पाटावरच टेकायची.

हे सांगायला सोपं आहे. चालून बघावं म्हणजे कळतं. पाणी प्यायचं, काटा काढायचा, झुडपाआड जायचं, कशालाही वाटी आधी दुसरीच्या हातात द्यावी लागे, आणि दुसरीला त्याच वेळी नेमकं काहीतरी काम निघे. गेनूकाकाला ती धरायला देता येत नव्हती, कारण ते बायकांचं काम. तो पुढे कोयता खांद्यावर टाकून वाटेतल्या प्रत्येक माणसाला आम्ही कोण, कुठले, कुठे चाललो हे सांगत चालला होता. पौड मागे पडलं, डोंगर दोन्ही बाजूंनी लांब सरकले, पिरंगुट उजवीकडे राहिलं आणि आम्ही नदीच्या कडेकडेने खाली उतरत गेलो. आमच्याकडे जिकडेतिकडे भाताची खाचरं; इथे सपाट, काळी, ज्वारी काढलेली रानं. एवढं मोठं आभाळ मी पहिल्यांदाच पाहिलं. वाटेत करवंदं होती, ती मी एका हाताने तोडून खात होते, आणि आत्या दुसऱ्या हाताकडे लक्ष ठेवून होती. आता या वयात मला ओसरीवरून अंगणात उतरायला काठी लागते, पण त्या दिवशीची ती गरम फुफाट्याची वाट अजून तळव्यांना आठवते.

नांद्याजवळ नदीला उतार होता आणि काठावर एक जुनं करंजाचं झाड. उन्हं चढली होती. आम्ही पोचलो तर सावलीत आधीच माणसं बसलेली, दोन बाया, एक माझ्याएवढी मुलगी आणि एक म्हातारा. आत्याने लांबूनच ओळखलं की हेही हळदच घेऊन निघालेत, कारण झाडाच्या खालच्या फांदीला लाल खणाची गाठोडी लोंबत होती. त्यांनाही जमिनीला टेकवायची नव्हती ना! आत्याने आमचीही त्याच फांदीला शेजारीच अडकवली. खण दोन्हींचा सारखा, कारण पौडच्या बाजारात तसला लाल खण एकाच दुकानात मिळायचा. ती माणसं मुठेच्या खोऱ्यातली, चालली होती महाळुंग्याला, आमच्यासारखीच घाईत. त्यांतली थोरली, जांभळ्या लुगड्याची बाई, नवऱ्याची मावशी होती आणि आत्यासारखीच हुकूम सोडणारी. दोघींची अशी जमली की विचारू नये. आमची तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी त्यांनी घेतली, त्यांचे तिळाचे लाडू आम्ही घेतले, आणि दोघींनी आपापल्या भावजयांची उणीदुणी मनसोक्त काढली. जात्याचा विषय मात्र आत्याने काढला नाही.

एवढ्यात धनगराची मेंढरं आली. ती पाण्याला निघालेली, आणि मेंढराला पाणी दिसलं की ते वाटेतलं माणूस बघत नाही. कळप सरळ झाडाखाली घुसला, धूळ उठली, गेनूकाका कोयता उगारून मेंढरांनाच आपली ओळख सांगू लागला, कोणाची चंची पडली, कोणाचं जोडवं निसटलं. आम्ही सगळ्या एकदम उठलो. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, हळद, हळद. आत्याने हात वर करून गाठोडी काढली, त्या मावशीनेही काढली, दोघींनी धुळीतूनच एकमेकींना "येतो बरं का" म्हटलं, आणि आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडे गेलो, ती मंडळी काठाकाठाने महाळुंग्याकडे गेली.

मारुंजीच्या वेशीत शिरताना माझ्या टाचेत बाभळीचा काटा गेला. लंगडत लंगडत मी मांडवात गेले. पाय धुवायला पाणी, गूळ, शेवयांचं दूध, सगळं रीतीप्रमाणे झालं. गेनूकाका पुरुषांत जाऊन बसला आणि लगेच घोरू लागला. हळद घरच्या बायांनी पाटावर ठेवली आणि मी एकदाची मोकळ्या हातांची झाले. मी खांबाला टेकून टाच दाबत होते, तेव्हा आतल्या दाराच्या फटीतून कोणीतरी हळूच म्हणालं, "वन्सं, आत या." मला आयुष्यात कोणी वन्सं म्हटलेलं नव्हतं. मी मागे वळून पाहिलं, की दुसरी कोणी वन्सं उभी आहे की काय. ठकू होती. नवरीने बाहेर यायचं नव्हतं म्हणून तिने मलाच आत ओढलं, माझा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि दुसऱ्या काट्याने तो काटा असा उपसला की मला कळलंही नाही. वर म्हणाली, "येवढ्या लांबनं चालत आलासा, आन त्येबी माज्यासाठनं." तिचे डोळे सुजलेले होते. मी विचारलं, रडलीस का, तर म्हणाली, नाही, धुराने. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "उद्यापातूर काय व्हतंय म्हनून भ्या वाटतं. मागच्या टायमालाबी समदं झालं व्हतं." मी तिला सांगून टाकलं की आता काही होत नाही, हळद आली आहे. मी तेवढ्याच ऐटीत सांगितलं जेवढ्या ऐटीत आत्या सांगते.

बाहेरून आत्याने हाक मारली. ठकूच्या चुलतीने बायांना जमवून गाठोडी सोडायला घेतली होती. हळद लावायची दिवे लागताना, पण आली ती बघून घ्यायची पद्धत. गाठ सुटली, पान बाजूला झालं, आणि चुलतीने चिमूटभर हळद दोन बोटांत घेऊन चोळली. बाकीच्या बाया वाकल्या. मी आत्याकडे पाहिलं. तिची नजर त्या बोटांवर होती. "काय बारीक हळद हाय गं बाई," चुलती म्हणाली, "लोन्यावानी. जातं लई नामी दिसतंय तुमचं." आत्याचा चेहरा उजळला. "हायेच," ती म्हणाली, "आमच्या भावाच्या घरचं जातं म्हंजी..." आणि तिथेच थांबली. मी तिच्याकडे आणि ती माझ्याकडे. दादाच्या अंगाला खरवडणारी हळद चार कोसांत लोण्यासारखी कशी होणार? मला डोळ्यांसमोर करंजाची फांदी दिसली, शेजारी शेजारी लोंबणाऱ्या दोन लाल गाठोड्या दिसल्या. ही हळद दुसऱ्याच नवऱ्याची होती. ही ठकूला लावली असती तर ती दुसऱ्याच्याच नावाने निम्मी बांधली गेली असती, आणि आमची हळद महाळुंग्यात दुसरीच्या अंगाला लागली असती, कदाचित लागलीही होती.

आत्याने हे सांगितलं असतं तर काय झालं असतं ते आम्हा दोघींनाही स्पष्ट दिसत होतं. चुलतीने तिथेच कपाळावर हात मारला असता, गेनूकाकाने ते परतीच्या वाटेवर झाडांनाही ऐकवलं असतं, आणि आईला तर वंगाळ खूण आयतीच मिळाली असती. ठकूला तिसऱ्यांदा कोणी विचारलं नसतं. आत्याला आयुष्यात इतक्या लवकर विचार करताना मी कधी पाहिलं नाही. तिने पान परत ठेवलं, खण बांधला आणि शांतपणे म्हणाली की आमच्या घराण्यात नवरीला लावायच्या आधी हळद नदीला दाखवतात. चुलतीने विचारलं, येताना नदी लागलीच होती की, तेव्हा नाही का दाखवली? "ती झाली नवऱ्याकडनं," आत्या म्हणाली, "आता नवरीच्या दारातनं निगून दावायची. दोनीकडनं दावल्याबिगर न्हाई चालत." अशी रीत भूतलावर कुठे नव्हती. पण आत्याने ती अशा आवाजात सांगितली की दोघी-तिघी बायांनी माना हलवल्या, आणि एक तर म्हणाली की तिच्या माहेरीही असंच करतात. चुलतीने सोबतीला माणूस देऊ केला तर आत्या म्हणाली, परका माणूस चालत नाही, फक्त करवली. एवढं झालं, आणि गेनूकाकाला घोरत सोडून आम्ही दोघी वेशीबाहेर पडलो. वेशीबाहेर पडेपर्यंत सावकाश चाललो. मग आत्याने लुगडं खोचलं.

नांद्याकडे परत जाण्यात अर्थ नव्हता. महाळुंगं हिंजवडीच्या पलीकडे, मधे नदी, तेव्हा सरळ हिंजवडीच्या रानातून नदी गाठायची असं आत्याने ठरवलं. माझी टाच ठणकत होती, मी चवड्यावर चालत होते. नांगरटीची ढेकळं, वर रणरणतं ऊन, आणि पुढे आत्या, डोक्यावरचा पदर पडला तरी भान नाही. मधेच ती देवाला काहीतरी कबूल करत होती, मधेच आईला शिव्या देत होती, की हिने हिवाळ्यातच जात्याला टाकी लावून घेतली असती तर. मी धापा टाकत म्हटलं की जातं चांगलं असतं तर आपल्याला कळलंच नसतं. आत्या थांबली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "ग्वाड बोलतीस, पर चाल." पुढे मात्र तिने आईला शिव्या दिल्या नाहीत. पोचल्यावर काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. भरल्या मांडवात जाऊन, तुमच्या पोरीला लावलेली हळद आमची आहे, असं कोणत्या तोंडाने सांगणार? मला सारखं तेच दिसत होतं, कोणी अनोळखी नवरी, आणि तिच्या गालांवर आमच्या दादाची जाडीभरडी हळद.

नदी दिसली तेव्हा उन्हं कलली होती. पात्र तिथे रुंद, मधे वाळूची पट्टी आणि पाणी गुडघ्याएवढं. आत्या काठावर उभी राहून उतार शोधत होती आणि मी पलीकडे पाहत होते. पलीकडच्या काठावरून दोन आकृती खाली उतरत होत्या, एक मोठी, एक लहान. मोठीचं लुगडं जांभळं होतं. दोन्ही हात तिने पोटाशी धरले होते, जसे आत्याने धरले होते. आत्यानेही पाहिलं. ती धावली नाही, ओरडली नाही, तशीच पाण्यात शिरली. मला अजून आठवतं, मला आनंद झाला नाही, भीतीच वाटली, कारण त्या येत होत्या यावरून एवढंच कळत होतं की त्यांना चूक कळली आहे. हळद लावायच्या आधी कळली की नंतर, ते नदीच्या अलीकडून कसं दिसावं? पाणी कापत दोन्ही बाजूंनी आम्ही मधल्या पट्टीकडे आलो, आणि दोघी अजून पाण्यातच असताना दोघींच्याही तोंडून एकदमच निघालं,

"लावली का?"

आणि मग दोघींनीही मान हलवली. नाही. नाही लावली.

त्यानंतर आत्या पाण्यातच खाली बसली. लुगडं भिजलं, फक्त वाटीचा हात वर. ती मावशी तिच्यासमोर उभी राहून रडत होती आणि हसतही होती, आणि आम्ही दोन्ही करवल्या काय करावं न कळून एकमेकींच्या बांगड्या बघत होतो. अदलाबदल पाण्यातच केली, कारण टेकवायची तर अजूनही नव्हतीच; मी आमची घेतली, तिच्याबरोबरच्या मुलीने त्यांची. तरी आत्याने गाठ सोडली आणि हळद बोटांत चोळून पाहिली. आता एकच चूक दोनदा करायची नव्हती. तिच्या बोटांना ती रवाळ हळद लागली आणि ती म्हणाली, "माझ्या भावाचं जातं गं माय." कोणी काशीला जाऊन आलेलं माणूस भेटावं तशा आवाजात म्हणाली. मावशीने सांगितलं की महाळुंग्याला नवरीची आई फार चिकित्सक, हळद चोळून बघितली आणि फणकारली, हळद दळली का खडी फोडली, म्हणून. तेव्हा मावशीच्या लक्षात आलं. एरवी हा अपमान आत्याने जन्मभर उगाळला असता. त्या दिवशी ती म्हणाली की त्या बाईच्या तोंडात साखर पडो. मावशीनेही आपल्या व्याह्यांना काहीतरी गोड थाप मारूनच पळ काढला होता. दोघींनी शपथ घेतली की हे नदीतच सोडायचं, आणि एकमेकींना कुंकू लावलं. पुन्हा त्या आम्हाला कधी भेटल्या नाहीत.

परत येताना मला माझ्या टाचेची आठवणही झाली नाही. सुटकेला वजन असतं तर मला ते तेव्हा पेललं नसतं. मी उड्या मारत होते आणि आत्या नुसती "वाटी, वाटी" म्हणत होती. ओल्या लुगड्याबद्दल तिने चुलतीला सांगितलं की नदीने पाय ओढले, प्रसन्न झाली. दिवे लागले. ठकूला पाटावर बसवलं, आणि पहिला हात करवलीचा म्हणून मी तिच्या गालाला हळद लावली. ती दचकली. तिने डोळे उघडून आधी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग आत्याच्या भिजलेल्या लुगड्याकडे, मग परत माझ्याकडे. बाया गात होत्या. तिने हळूच, ओठ न हलवता विचारलं, "हीच का वो वन्सं?" मी म्हटलं, हीच. तिने डोळे मिटून घेतले आणि दुसरा गाल पुढे केला. दुपारची बारीक हळद आता जाडी झाली हे अंधुक उजेडात चुलतीच्या ध्यानात आलं नाही, किंवा दुसऱ्या दिवशी आलं असेल. तोवर वऱ्हाड आलं होतं, अक्षता पडल्या होत्या आणि आईने सुनेच्या तोंडात साखर घातली होती.

लग्नानंतर टाकीवाली आली आणि जातं पुन्हा घरघरू लागलं. मी पुढे पुण्याला शिकले, मास्तरीण झाले, गाव सुटलं. भागूआत्या गेली ती नदीतली गोष्ट बरोबर घेऊनच गेली. आईला शेवटपर्यंत काही कळलं नाही, आणि म्हातारपणी ती सुनेच्या हातचंच जेवायची. वहिनीला मी कधी सांगितलं नाही आणि तिने कधी विचारलं नाही. त्या दिवशी दाराआडून तिने "लोन्यावानी" ऐकलं होतं का, गालाला काय लागलं त्यावरून किती ओळखलं, हा विषय आमच्यात निघालाच नाही. असं बरीच वर्षं चाललं.

मग तिच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. मी चार दिवस आधी गेले होते. पूजा अजून व्हायची होती, जातं कोपऱ्यात होतं, आणि दारात टाकीवाली येऊन उभी राहिली, अगदी वेळेवर, छिन्नी-हातोडी घेऊन. मीच म्हटलं, वहिनी, बरं झालं आली, आता लावून घे, हळद बारीक पडेल. वहिनी तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती उठली, टाकीवालीच्या पदरात पसाभर तांदूळ घातले आणि म्हणाली, "आता नगं बाई. लगीन हुंदे, मंग ये."

ती बाई गेली.  वहिनी पुन्हा सुपाशी बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आपल्यात हळद जाडीच दळत्यात, वन्सं. अंगाला लागली, तर आपलीच हाय ह्ये कळतं."